माझा वीकनेस

आधी कबुली देतो. मी इंग्रजीचा मास्तर आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानाशेजारच्या अरुंद जिन्यानं वर आलं की माझा क्लास लागतो. बावीस वर्षं मी पोरांकडून ‘अनेक शब्दांबद्दल एक शब्द’ घोटून घेतोय, आणि स्वतःच्या आजाराला मात्र आठ महिने चुकीचा शब्द वापरत राहिलो. तो शब्द मला कुणी दिला नव्हता. मीच शोधला, आणि वर तोऱ्यात सगळ्यांना सांगत फिरलो. तुमच्या घरात कुणाच्या पापण्या संध्याकाळी मिटायला लागल्या असतील, जीभ जड होत असेल आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

माझा स्वभावही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी चिडका आहे. कुणी ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हटलं की मला बसवत नाही. लग्नपत्रिकेतली स्पेलिंगं लाल पेनानं दुरुस्त करून मी पत्रिका परत पाठवलेल्या आहेत. मूळ गाव मुरगूड. घरात म्हशी, चौथीपर्यंत पायात चप्पल नाही. त्या घरातून इंग्रजीच्या जोरावर इथवर आलो, त्यामुळे इंग्रजीचा माज जरा जास्तच. हा माजच मला नडला.

दोन रिक्षा

सुरुवात डाव्या पापणीपासून झाली. माझ्या दोन बॅच असतात, सकाळी सातची आणि संध्याकाळी साडेसहाची. सकाळी मी ठणठणीत असायचो. संध्याकाळी मात्र तास निम्मा झाला की डावी पापणी खाली यायची. मी भुवया वर ओढून ओढून शिकवायचो. पोरांना वाटायचं सर रागानं बघतायत. तसा मी रागानंच बघतो, त्यामुळं महिनाभर कुणाला काही वेगळं जाणवलं नाही.

मग जीभ. सलग बोललो की शब्द नाकातून यायला लागले. ‘पास्ट परफेक्ट’ म्हणताना ‘प’ कुठं गळून पडायचा कळायचं नाही. पोरांना दहा मिनिटं लिहायला दिलं आणि गप्प बसलो की परत नीट बोलता यायचं. घसा बसलाय म्हणून मी खडीसाखर चघळत राहिलो.

एका शुक्रवारी बॅच सुटल्यावर घरी निघालो, तर समोर दोन रिक्षा दिसल्या. दोन्हींच्या मधून जागा होती, म्हणून मी स्कूटर मधून घातली. रिक्षा एकच होती. तिचा आरसा गेला आणि माझा गुडघा सोलला. रिक्षावाला उतरला, माझ्या डोळ्यांकडं बघितलं, मी काय पुटपुटतोय ते ऐकलं आणि म्हणाला, “मास्तर, पोरांस्नी शिकीवतासा न्हवं? मग एवढी कशाला घ्यायची म्हंतो मी!”

चार माणसं जमली. त्यात चौगुले होते. शाहूपुरीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि त्यांची मुलगी माझ्या संध्याकाळच्या बॅचला होती. त्यांना बघून मला धीर आला. मी म्हणालो, “चौगुले, घेतलेली नाही ओ. मला वीकनेस आहे.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “असतोय सर. आमच्या मामाचाबी त्योच वीकनेस हुता.”

मला त्याचा अर्थ घरी पोचल्यावर कळला, आणि मी एकटाच भिंतीवर ओरडलो.

रिपोर्ट नॉर्मल

आमचे नेहमीचे डॉक्टर मराठी, मी मराठी. पण मी त्यांच्याशी इंग्रजीतच बोलतो. हा पेशंट ऐरागैरा नव्हे, हे त्यांना कळलेलं बरं. मी म्हणालो, “डॉक्टर, आय हॅव जनरल वीकनेस. मोअर इन द इव्हनिंग.”

आता कोल्हापुरात दिवसाला निदान पन्नास माणसं डॉक्टरला ‘वीकनेस आलाय’ म्हणून सांगत असतील. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. लोहाच्या गोळ्या, एक लाल टॉनिक, आणि पेशंटनं फारच तोंड वाकडं केलं तर सलाईनची बाटली. मला तिन्ही मिळाली. रक्तही तपासलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले.

रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांना बरं वाटायला पाहिजे. आमच्याकडं उलटं झालं. रक्तात काही नाही, साखर नाही, थायरॉइड नाही, मग माणूस संध्याकाळीच का झुलतो? डॉक्टरांनीही कागदात मान घालून विचारलं, “सर, कधी घेता वगैरे का?” मी त्या दिवसापासून त्यांच्याकडं जायचं बंद केलं. चूक त्यांची नव्हती. मी जे सांगितलं त्याचंच औषध त्यांनी दिलं होतं. पण तेव्हा मला वाटलं, हे चौगुल्यांशी बोललेत.

त्या काळात मला सगळ्यांचाच संशय येत होता. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी दोन तास कुणी काही टाकलं नाही, की माझ्याशिवाय दुसरा ग्रुप काढला असणार, असं वाटायचं. (काढला होता. ते नंतर कळलं.)

शब्द चुकतोय एवढं मात्र मला जाणवत होतं. टायर्ड? छे, टायर्ड माणसाला झोप हवी असते. फीबल म्हणजे म्हातारं. लेथार्जी म्हणजे आळस. फटीग म्हणजे थकवा, आणि थकवा म्हणावा तर सकाळी मी दोन जिने पळत चढत होतो. शेवटी एकदा संध्याकाळच्या बॅचला मी फळ्यावर प्रश्नच लिहिला: सकाळी असते, वापरली की संपते, थांबलं की परत येते, अशा ताकदीबद्दल एक शब्द सांगा.

चौगुल्यांची मुलगी म्हणाली, “सर, डिस्चार्ज. मोबाइलगत.”

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “हँगओव्हर.”

वर्ग फिदीफिदी हसला. मला शब्दाचा चुकीचा वापर सहन होत नाही. मी तिथंच ओरडलो, “हँगओव्हर सकाळी असतो रे, गाढवांनो! संध्याकाळी नसतो!”

दुसऱ्या दिवशी ती गोष्ट शाहूपुरीपर्यंत पोचली होती. ‘सरांना बरं सगळं माहीत!’ त्या आठवड्यात सहा जण बॅच सोडून गेले. चौगुल्यांची मुलगी सातवी.

तोंडाचा वास

माझी बायको सुनंदा. घरीच ब्लाउज शिवते, आणि तिच्या मशीनच्या आवाजावरून तिचा राग मला कळतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिनं माझ्यावर कधी संशय घेतला नव्हता. म्हणजे घेण्यासारखं मी काही केलंच नव्हतं.

आता मी घरी आलो की ती दार उघडायची आणि बाजूला व्हायची नाही. मला तिला घासूनच आत जावं लागायचं. तेवढ्यात ती श्वास आत ओढायची. पहिल्यांदा वाटलं सर्दी झालीय. चौथ्या दिवशी डोक्यात उजेड पडला.

“काय हुंगतीयस?” मी विचारलं.

“कुठं काय? तुम्हाला आपलं काहीतरीच.”

“मग बाजूला हो की.”

“होतेय की. एवढं कशाला अंगावर येताय?”

रविवारी आणखी एक झालं. मटण होतं. चार घास खाल्ले आणि जबडाच थांबला. तोंडातला तुकडा चावला जाईना, गिळताही येईना. हनुवटीला हातानं आधार देऊन मी चावायला बघितलं, मग ताट सरकवून उठलो. आता कोल्हापुरात बाप्या माणूस मटणाचं ताट अर्धं टाकून उठला की घरचे दोनच गोष्टी धरतात: बाहेर खाऊन आलाय नाहीतर पिऊन आलाय. सुनंदानं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. तिसऱ्या शक्यतेला आमच्याकडं नावच नव्हतं.

मग चहाची चव बदलली. कडवट, आणि मागाहून जिभेवर तुरटपणा राहायचा. मी पीत असताना सुनंदा दारात उभी राहायची आणि कप रिकामा झाला की न्यायची. असं तिनं सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं. मी घरचा चहा सोडला आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर जायला लागलो. ‘हे सहाला कुठं जातात?’ म्हणून तिनं भावाला फोन केला, तोही मी ऐकला. माणसाला एकदा संशय आला की त्याच्या कानाला फार लांबचं ऐकू येतं.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी ती दोरे आणायला गेलेली असताना मी स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, पिठाखाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पुड्या सापडल्या. वर छापलं होतं, ‘दारू सोडवा. रुग्णाला न कळता द्या.’ खाली इंग्रजीतही होतं, आणि अल्कोहोलचं स्पेलिंग चुकलं होतं. खरं सांगतो, आधी मला ते स्पेलिंगच दिसलं. राग नंतर आला.

आला तो मात्र सगळा आला. सुनंदा परतली तेव्हा मी पीठ माखलेल्या हातात पुड्या घेऊन बसलो होतो.

“विष घालत होतीस मला?”

“औषध आहे ते!”

“कशाचं? मी पीत नाही!”

“मग जीभ का वळत नाही तुमची? डोळे का मिटतात? माझा भाऊ सांगतोय, चौगुले सांगतायत, सगळी गल्ली सांगतीय. मी एकटीच खुळी का?” आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, “मला खरं सांगा ओ. मी कुणाला सांगणार नाही. फक्त मला सांगा.”

मी सांगत होतो ते खरंच होतं. पण भांडता भांडता सात वाजले होते, आणि माझ्या तोंडून येणारं प्रत्येक वाक्य दारुड्याचं वाटत होतं. ‘शपथ’ हा शब्दसुद्धा मला नीट म्हणता आला नाही. मला रडू आलं. सुनंदानं ते बघितलं आणि तिची खात्रीच पटली.

अक्का

तिनं मुरगूडला फोन लावला, माझ्या थोरल्या बहिणीला. अक्का दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीनं आली. पासष्टी ओलांडलेली, शाळा दुसरीपर्यंत, आणि जनावर बसलं तर का बसलं हे लांबून सांगणारी. आल्या आल्या तिनं सुनंदाचं ऐकून घेतलं, माझं ऐकून घेतलं आणि दोघांनाही गप्प केलं.

“मी तीन दिस ऱ्हातो. मी बघतो. मग बोलतो,” ती म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो.

तीन दिवस ती माझ्या मागं सावलीगत होती. क्लासला आली आणि शेवटच्या बाकावर बसली. टपरीवर आली. पायरीवर बसून माझ्याकडून शेंगा फोडून घेतल्या आणि किती झाल्यावर बोटं थांबतात ते बघितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं सुनंदाला हाक मारली.

“ही दारू न्हवं,” अक्का म्हणाली. “पेलेला माणूस थांबला म्हणून शुद्धीवर येत न्हाय. ह्यो दहा मिनटं गप बसला की ह्येचा डोळा उघडतोय. उद्या डोळ्याच्या डॉक्टरला दावायचं.”

डोळ्याच्या डॉक्टरांनी मला छताकडं बघत राहायला सांगितलं. पापणी हळूहळू खाली उतरली तसे तेही हळूहळू गंभीर झाले. त्यांनी एका न्यूरॉलॉजिस्टच्या नावानं चिठ्ठी दिली. रिक्षात बसल्याबरोबर मी ती उघडली. आत दोन ओळी, आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह काढून त्याच्यापुढं दोन कॅपिटल अक्षरं, एम आणि जी. प्रश्नचिन्ह आधी आणि शब्द नंतर, ही कुठली इंग्रजी? माझी खात्री झाली की माझ्यापासून काहीतरी लपवायचंय.

गडहिंग्लजच्या मॅडम

न्यूरॉलॉजिस्ट मॅडम चाळिशीच्या होत्या. आम्ही तिघंही आत गेलो. मी खुर्चीत ताठ बसलो आणि सुरू केलं, “मॅडम, आय हॅव वीकनेस. इट इज अ काइंड ऑफ...”

“सर, मराठीत सांगा की. मी गडहिंग्लजची आहे.”

बावीस वर्षांत माझं इंग्रजी कुणी असं मध्येच थांबवलं नव्हतं. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि काय सांगायचं तेच सुचेना. आठ महिने मी इंग्रजी शब्द शोधत होतो. मराठीत वाक्य तयारच केलं नव्हतं.

“मी सांगतो,” अक्का म्हणाली. “बाई, ह्येचं असं हाय. वापरलं की संपतंय. ऱ्हाऊ दिलं की भरतंय. डोळं तसंच, जीभ तशीच, दाढा तशाच, हात तसंच. सकाळी भरल्यालं, सांजच्याला रिकामं.”

मॅडमनी पेन उचललं. “परत एकदा सांगा.”

अक्कानं परत सांगितलं. मॅडमनी ते मराठीतच लिहून घेतलं. मी उलटं वाचत होतो. खाली त्यांनी एक इंग्रजी शब्द लिहिला आणि अधोरेखित केला. फटीगेबल.

फटीग मी शेकडो वेळा शिकवला असेन. फटीगेबल एकदाही फळ्यावर लिहिला नव्हता. मॅडम म्हणाल्या, “थकवा वेगळा, सर. तुमचे स्नायू थकलेले नाहीत, वापरले की थकतात. जनरल वीकनेस म्हणालात ना, तिथंच सगळे दुसऱ्या रस्त्याला लागले.”

मग त्यांनी सिस्टरांना बर्फ आणायला सांगितला. सिस्टरांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला आणि माझ्या डाव्या डोळ्यावर धरला. दोन-एक मिनिटांनी काढला. पापणी वर गेली होती. मला ती जाणवली, बाकीच्यांना दिसली.

“अगं बया! उघडला की गं डोळा!” अक्का ओरडली.

सुनंदानं पदराचं टोक हातात घेतलं होतं आणि ते ती पिळत होती.

“गारव्यानं पापणी उघडली, म्हणजे माझा अंदाज बरोबर दिसतोय. हा आजार पटकन सापडत नाही,” मॅडम म्हणाल्या. “बघणाऱ्याला संशय यावा लागतो.”

“संशयाला तोटा नव्हता, मॅडम,” मी म्हणालो. सुनंदानं मान खाली घातली, आणि मला ते वाक्य बोलल्याचं वाईट वाटलं नाही. तेव्हा तरी नाही.

थडगं

तपासण्या चालू असतानाच एका संध्याकाळी पाणी पिताना ते नाकातून बाहेर आलं आणि मला ठसका आवरेना. मॅडमनी लगेच भरती व्हायला सांगितलं. अकरा दिवस मी आत होतो.

आजाराचं पूर्ण नाव मला भरती झाल्यावर कळलं: मायस्थेनिया ग्रेव्हिस. सुनंदाला मी घरून मोठी डिक्शनरी आणायला लावली. ग्रेव्हिस त्यात नव्हतं. ग्रेव्ह होतं. पहिला अर्थ, थडगं. मी डिक्शनरी मिटली आणि दुपारचं जेवण परत पाठवलं. राउंडला मॅडम आल्या तेव्हा मी सरळ विचारलं, “नावातच थडगं आहे, मग माझ्यापासून लपवताय काय?” त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तो शब्द जुन्या लॅटिनमधला, अर्थ भारी, गंभीर. औषधं नव्हती त्या काळी ठेवलेलं नाव आहे, असं त्यांनी नीट बसून समजावलं. माझा विश्वास बसायला दोन दिवस लागले.

दवाखान्यात दिवस मोजण्यातच जायचा. प्रत्येक पाळीची सिस्टर येऊन म्हणायची, “सर, एका श्वासात मोजा.” मी इंग्रजीत मोजायचो. सकाळी सत्तावीसपर्यंत जायचो, संध्याकाळी अकराला अडकायचो. ती अकरा लिहून गेली की मला भीती वाटायची. फार भीती वाटायची. श्वास हा असा मोजून मिळतो हे मला ठाऊकच नव्हतं. डॉक्टर कॉटच्या पायथ्याशी आपसात बोलायचे, ‘क्रायसिस’ असं काहीतरी. शब्द कळत होता आणि अर्थ लागत नव्हता. माझ्या मागच्या बाकावरच्या पोरांना बावीस वर्षं काय होत असेल ते मला तिथं पडल्या पडल्या कळलं.

चांगलंही होतं. गोळी सुरू झाल्यावर तासाभरात मी एक वाटी शिरा कुणाच्या मदतीशिवाय खाल्ला. झाडलोट करणाऱ्या मावशी रोज सकाळी विचारायच्या, “आज किती मोजलं मास्तर?” आणि आकडा वाढला की वॉर्डभर सांगत सुटायच्या. अक्का दुधात भाकरी कुस्करून तिचा पार लगदा करायची आणि माझ्यासमोर स्वतःही तोच खायची.

पाचव्या दिवशी चौगुले मोसंबी घेऊन आले. मी डोळे मिटून पडलो होतो. त्यांना वाटलं झोपलोय. सुनंदाला कुजबुजत म्हणाले, “वहिनी, लिव्हर गेलं काय ओ?”

सुनंदा स्टुलावरून उठली. “पावणं,” ती म्हणाली, आणि सगळ्या वॉर्डनं ऐकलं, “तुमच्या मामाचं काय असंल ते तुमच्या मामाचं. ह्यांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. नसांचा आजार आहे, नाव लिहून देते, दुकानात लावा.” आणि खरंच तिनं माझ्या डिक्शनरीत ठेवलेला कोरा कागद काढला आणि मला हलवून, स्पेलिंग विचारून लिहून दिलं. चौगुल्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मला वाटलं, झालं, सगळं मिटलं. पण माझा राग काही गेला नव्हता.

जे उपयोगी पडेल ते

डॉक्टरांसमोर आजाराचं नाव तुम्ही ठेवू नका. काय होतं ते सांगा: कधी होतं, काय करताना होतं, कशानं कमी होतं. आपल्या घरात, आपल्या रानात बोलतो त्या बोलीत सांगा. इंग्रजी शब्द शोधायचं काम त्यांचं, त्यासाठीच ते शिकलेत. सोबत असं माणूस न्या, ज्यानं तुम्हाला सकाळ-संध्याकाळ बघितलंय. बरेचदा ते शिकलेलं नसतं. आणि हा आजार असेल तर दुसऱ्या कशासाठीही औषध घेताना आधी त्याचं नाव सांगा, कारण काही औषधं आम्हाला चालत नाहीत. पुड्यांचं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी एवढंच म्हटलं की अशा कित्येक घरांत असतात, आणि त्या आधी बंद करा. सुनंदा तेव्हा बाहेर होती.

सध्या मी फक्त सकाळची बॅच घेतो.

घरी जाताना

घरी सोडलं त्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवलं. गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. मग म्हणाल्या, “हा आजार आपण ताब्यात ठेवू. तुम्ही शिकवाल, जेवाल, फिराल. पण निघून जाईल, असं मी सांगत नाही. गोळ्या बहुतेक कायमच्या.”

मी ते आधीच वाचलं होतं. सुनंदानं पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही बाहेर येऊन दवाखान्याच्या दारातल्या बाकावर बसलो. अक्का रिक्षा बघायला गेली होती. अकरा दिवस मी याच वेळेची वाट बघत होतो. सुनंदा माफी मागणार आणि मी काय म्हणायचं, हे मी मनात घोटून ठेवलं होतं. सव्वीस वर्षांचा हिशेब काढणार होतो. सकाळची वेळ होती, जीभ चांगली चालत होती.

सुनंदानं माफी मागितली नाही. ती रस्त्याकडं बघत होती, आणि एकदम तिचा चेहरा वाकडा झाला.

“दारूच असती तर बरं झालं असतं ओ,” ती म्हणाली. “सुटली तरी असती.”

घोटून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. ती कित्येक महिने दारात उभी राहून माझ्या तोंडाचा वास घेत होती, आणि रोज देवाला म्हणत होती की वास येऊ दे, दारूच निघू दे.